तुमच्याकडे सगळं आयतं

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निवेदन फिरत होतं. पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या तिसरीच्या पालकांनी मुख्याध्यापिकांना लिहिलेलं. वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. तो मध्येच उठतो, मोठ्याने आवाज काढतो, एकदा त्याने बाई लिहीत असतानाच फळा पुसून टाकला. तेव्हा 'त्याच्याच हितासाठी' त्याला विशेष शाळेत पाठवावं, अशी नम्र विनंती. खाली सह्या. त्यात दोन आमच्याच वर्गातल्या.

मी कायदा लिहिला. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 31. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती त्या मुलाची. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या बाबांची नाही.

उत्तर आलं : 'तुला काय जातंय तिकडे बसून बोलायला. तुमच्याकडे सगळं आयतं मिळतं.' त्याखाली अकरा अंगठे.

हे 'आयतं' मला महिनाभर पुरलं आहे. इथे इंग्लंडमध्ये अशा मुलासाठी प्लॅन, म्हणजे त्याला शाळेत कोणती मदत मिळणार याचा कायदेशीर आराखडा, हवा तर काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, अर्ज करायचा. कायद्याने वीस आठवड्यांत निकाल लागायला हवा, पण मुदतीत निघणारे प्लॅन निम्म्याच्या आसपास. आम्हाला पहिलं उत्तर नकाराचं आलं : मूल्यमापनाची गरजच दिसत नाही, शाळेने आपल्या बजेटमधून भागवावं. शाळेने पहिले सहा हजार पौंड स्वतःचे घालायचे असतात आणि शाळेकडे फोटोकॉपीच्या कागदाला पैसे नव्हते. सेन्को, म्हणजे शाळेत अशा मुलांचं बघणारी शिक्षिका, बिचारी भली बाई, तीच ट्रिब्युनलचा, म्हणजे काउन्सिलविरुद्ध दाद मागायच्या न्यायाधिकरणाचा, फॉर्म कसा भरायचा ते हळूच सांगून गेली. 2022-23 मध्ये ट्रिब्युनलने निकाल दिलेल्या प्रकरणांपैकी 98 टक्के पालकांच्या बाजूने लागली. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय न्याय आहे! मला त्यात एवढंच दिसतं की हरणार हे ठाऊक असूनही काउन्सिली पालकांना तिथवर ओढत नेतात, कारण बरेचसे आईबाप तिथवर पोचतच नाहीत. ज्यांना इंग्रजीत भांडता येत नाही, रजा मिळत नाही, ते आधीच गळतात.

ग्रुपवर मी हे इथल्या पालकांचं म्हणून लिहिलं, आमचं म्हणून नाही. माझा मुलगा यिअर फोरमध्ये आहे, असेंब्लीला कानावर आवाज अडवणारे डिफेंडर लावून टीएशेजारी, म्हणजे वर्गातल्या मदतनीसाशेजारी, बसतो आणि फळा पुसणं हा त्याचाही आवडता उद्योग होता. त्या ग्रुपवर हे कुणालाच माहीत नाही. वाढदिवसाचे फोटो मात्र मी नेमाने टाकते, निवडून.

ग्रुपवर आमचा एक डॉक्टर आहे, अभ्यासू. तो म्हणाला, ज्या मेरी वॉर्नॉकबाईंच्या 1978च्या अहवालामुळे इंग्लंडमध्ये ही मुलं साध्या शाळांत यायला लागली, त्यांनीच 2005 मध्ये सगळ्याचा फेरविचार करा म्हणून लिहिलं. खरं आहे. छोट्या विशेष शाळांची बाजूही त्यांनी घेतली. पण त्यांची तक्रार काय होती? मुलं साध्या शाळेत नुसती हजर असतात, छळली जातात, एकटी पडतात. ही तक्रार शाळेबद्दल आहे. निवेदन मुलाबद्दल आहे.

आणि इंग्लंड म्हणजे जन्मजात शहाणं, असंही कुणी समजू नये. 1971पर्यंत इथे सरकारदरबारी 'शिकण्यास अपात्र' असा शिक्का होता. तो बसला की मूल शिक्षण खात्याच्या हातून सुटून आरोग्य खात्याकडे जायचं. तो शिक्का गेला आणि तीनच वर्षांनी, 1974 मध्ये, भारत सरकारने अपंग मुलांना साध्या शाळांत सामावून घेण्याची केंद्रीय योजना काढली. वॉर्नॉक अहवालाच्या चार वर्षं आधी. कागदावर आपण पुढे होतो. (कागदावर आपण नेहमीच पुढे असतो, हे मी ग्रुपवरही लिहिलं. त्याला अंगठे मिळाले नाहीत.)

एक मुद्दा मात्र मला झटकून टाकता येत नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, एक बाई. त्या बाईंनी फळा वाचवायचा की पाढे घ्यायचे? माझ्या मुलाच्या वर्गात तीस मुलं आणि एक टीए आहे, त्यामुळे मी जपून बोलायला हवं. तरी बोलते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण सांगितलं : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. निवेदनच द्यायचं होतं तर ते हे मागायला द्यायचं. तेवढ्याच सह्या, तोच कागद. त्या बाईंना मदतनीस मिळाली असती आणि तुमच्या मुलीचे पाढेही झाले असते. पण तिसरीतल्या मुलाला बाहेर काढणं स्वस्त पडतं.

आणि हीच मंडळी दहावी जवळ आली की एलडीच्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या, दाखल्यासाठी कुठल्या रुग्णालयात लवकर नंबर लागतो ते विचारत फिरतात. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर. मिळायलाच हव्यात त्या सवलती, ज्यांना गरज आहे त्यांना. फक्त तेव्हा 'बाकीच्यांचं नुकसान' कुणाला आठवत नाही.

माझे सासरे तासगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या चौथीत एक न बोलणारा मुलगा होता. खिडकीशी बसायचा, घंटा द्यायचं काम त्याच्याकडे, सहलीलाही यायचा. आपल्या खेड्यात हे सगळं आपोआप होतं, असं पटवायला मी ती गोष्ट ग्रुपवर टाकली. मग सहज त्यांना विचारलं, दादा, तो वाचायला शिकला का हो? म्हणाले, "नाही. त्याला कसं शिकवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घंटा मात्र कधी चुकली नाही त्याची." हे मी ग्रुपवर टाकलं नाही.

इथे माझा मुलगा वाचतो. इंग्रजीच. तो तीन वर्षांचा असताना स्पीच थेरपिस्टने सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, त्याचा गोंधळ होतोय. आम्ही मराठी बंद केली, त्याच्याशी आणि हळूहळू आपसातही. दोन भाषांनी अशा मुलांचं नुकसान होतं याला आधार नाही, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. सासूबाई त्याच्याशी फोनवर 'हॅलो, ट्रेन' एवढंच बोलतात, कारण दोघांना मिळून तेवढंच येतं. प्लॅनच्या वार्षिक बैठकीत सहा माणसं माझ्या मुलाबद्दल तास-दीड तास मनापासून बोलतात. तिथे तो पूर्णपणे त्यांचा असतो. मी टिपणं घेत बसते.

दर रविवारी दादा विचारतात, कधी येताय कायमचे? आम्ही नोकरी, घराचं कर्ज, व्हिसा असलं काहीतरी सांगतो. या रविवारी त्यांनी तसं विचारलं नाही. म्हणाले, "इथे याला शाळेत घेतील का गं?"

"घ्यावंच लागेल, कायदा आहे," मी म्हणाले.

"कायदा मला माहितीय. मी शाळेचं विचारतोय."

मग मी त्यांना ते निवेदन वाचून दाखवलं, सह्यांसकट.