चिपाडाचं सेल्युलोज, घरचं ब्लीच आणि बाराशे रुपयांची थाप

'रसवंतीवर फुकट मिळणाऱ्या चिपाडातून घरबसल्या सेल्युलोज काढा, किलोमागे १२०० रुपये कमवा' असा मजकूर आणि सोबत एक व्हिडिओ सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं. पण आमच्या वहिनींच्या बचत गटाने त्यातल्या 'प्रशिक्षणा'साठी वर्गणी काढायला घेतली आणि मला निरोप आला, "भाऊजी, तुम्ही केमिस्ट्रीवाले, जरा बघून सांगा." बघितलं. आता सांगतोच.

व्हिडिओ म्हणतो, साखर कारखाने हे 'सोनं' फेकून देतात. कोणता कारखाना? बगॅस, म्हणजे कारखान्यातलं चिपाडच, जाळून बॉयलर चालतो, त्याच वाफेवर साखर होते, वीज होते आणि जास्तीची वीज विकलीही जाते. गुऱ्हाळावरसुद्धा चिपाड वाळवून चुलवाणातच जातं. रसवंतीवाला फेकतो, हे खरं. तेवढंच खरं.

पुढचा दावा: दहा किलो चिपाडातून आठ किलो सेल्युलोज. ताज्या चिपाडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. उरलं पाच किलो. कोरड्या चिपाडात सेल्युलोज, म्हणजे कागद ज्याचा बनतो तो तंतूंचा पदार्थ, साधारण ४० ते ४५ टक्के; बाकी हेमिसेल्युलोज, तंतूंना चिकटवून धरणारं लिग्निन वगैरे. म्हणजे कणभरही वाया न घालवता फार तर दोन-सव्वादोन किलो, आणि धुता-गाळताना वाया जातंच. आठ किलो हवं असेल तर ओला लगदा तसाच तराजूवर ठेवायचा.

इथवर नुसती थाप आहे, हसून सोडता आली असती. कृती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चिपाडाचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन तास उकळा, गाळा, ब्लीच घाला, आणि 'तरीही पिवळेपणा राहिला तर एक झाकण संडास साफ करायचं लिक्विड टाका'. हे वाक्य मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं, कारण कुणी असं बोलेल यावर विश्वास बसेना. त्या लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता तोच. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. बंद मोरीत पातेल्यावर वाकून ढवळणाऱ्या बाईच्या आणि तिच्या पायाशी खेळणाऱ्या पोराच्या छातीत तो आधी जाणार. झाकणभर असो की चमचाभर, हे दोन पदार्थ एकत्र करायचेच नसतात.

आणि पातेलं कुठलं? अ‍ॅल्युमिनियमचं! कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. खाली गॅस पेटलेला. शिवाय व्हिडिओतला गृहस्थ सोड्याच्या पापुद्र्यांवर वरून पाणी ओततो. सोडा विरघळताना इतका तापतो की ते पाणी उसळून तोंडावर येऊ शकतं, आणि डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. कुणाच्या अंगावर उडालाच तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. वर लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका.

आता नाइलाजाने कबूल करतो: मुळातलं शास्त्र खोटं नाही. कॉस्टिकसारख्या अल्कलीने लिग्निन सुटतं, ब्लीचने लगदा पांढरा होतो. तमिळनाडूत करूरजवळ तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स १९८४ पासून बगॅसपासून कागद काढतेच आहे. तिथे साखर कारखान्यांना जाळायला दुसरं इंधन पुरवून त्या बदल्यात बगॅस घेतात. फुकटचा कचरा असता तर हा व्यवहार कशाला केला असता? आणि तिथेही आधी बगॅसमधला भुसभुशीत गर वेगळा काढतात, मग डायजेस्टर नावाच्या बंद टाकीत शिजवतात. गॅसच्या शेगडीवर नव्हे.

उकळून उरलेलं काळं पाणी 'झाडांना घाला, उत्तम खत' म्हणे. या एका वाक्यावर सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याने व्हिडिओवाल्याला बांधावरून हाकलायला हवं. त्या पाण्यात सोडियम ठासून भरलेलं, सामू पार वर. सोडियम वाढलं की माती चोपण होते, पाणी मुरत नाही, आणि मग जिप्सम टाकून वर्षानुवर्षं निस्तरत बसायचं. हे काळं पाणी इतकं त्रासाचं आहे की २००३ साली केंद्र सरकार आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांसाठी जी सनद काढली, तिच्यात लहान कागद कारखान्यांनाही बजावलं गेलं: यातली रसायनं परत मिळवायची यंत्रणा बसवा, नाहीतर रद्दी कागदाकडे वळा. परवानाधारक कारखान्याला जे झेपेना, ते आमच्या वहिनींनी तुळशीला घालायचं!

राहिला १२०० रुपयांचा भाव. 'औषध कंपन्या रांगेत आहेत.' गोळ्यांमध्ये सेल्युलोज असतं, बरोबर. पण ते शुद्ध लगद्यावर आम्लाची मोजून-मापून प्रक्रिया करून बनवलेलं, औषधकोशाच्या कसोट्यांना उतरलेलं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. जड धातू किती, जंतू किती, सगळं तपासलेलं. गच्चीत साडीवर वाळवलेला लगदा कोणती औषध कंपनी घेणार? 'माल आम्हीच परत विकत घेऊ' या हमीला अट एकच, आधी नोंदणी फी भरा आणि सोडा-ब्लीचचं किट त्यांच्याकडूनच घ्या. धंदा कशाचा आहे ते इथे कळतं.

वहिनींना म्हटलं, माल घेणाऱ्या कंपनीचं नाव आणि तिची लेखी ऑर्डर मागा, मगच वर्गणी द्या. त्यांनी मागितली. उत्तरात तोच व्हिडिओ पुन्हा आला, आणि खाली 'मर्यादित जागा'.