फूटभर काचेच्या भांड्यात कासव जगत नाही

सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. पाण्यातले कासव हा सांभाळायला सर्वांत सोपा प्राणी आहे, असे त्यात म्हटले आहे. फूटभर काचेचे भांडे पुरे, कासव भांड्याच्या मापानेच वाढते. आठवड्यातून एकदा पाणी बदलावे. घरातली ट्यूबलाइट चालते. खायला सुकी कोळंबी द्यावी. आणि फार मोठे झाले तर सिद्धेश्वर तलावात सोडावे. यातले एकही विधान टिकत नाही आणि त्यांवर विसंबल्याने मुका जीव झिजून मरतो, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे.

फिशटँकच्या दुकानांत मिळणारे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव म्हणजे ‘रेड-इअर्ड स्लायडर’. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते दहा रुपयांच्या नाण्याहून जरासेच मोठे दिसते. पण पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच २० ते २८ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि नीट सांभाळल्यास हे कासव २० ते ३० वर्षे जगते. लहान भांड्यात जे लहानच राहिलेले दिसते, ते भांड्याशी जुळवून घेतलेले नसून खुरटलेले असते. कवचाच्या दर सेंटिमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी हा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार २० सेंटिमीटरच्या कासवाला ३०० लिटर पाणी लागते, म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक दोन तृतीयांश भरावा लागतो. एवढ्या पाण्याचेच वजन ३०० किलो होत असल्यामुळे तो टँक टीपॉयवर नव्हे, तर लोखंडी स्टँडवरच ठेवावा.

पाण्याच्या मुद्द्यावर सोलापूरकरांची अडचण खरी आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात कासवासाठी ३०० लिटर कुठून आणायचे, हा प्रश्न कोणीही विचारील. पण हिशेब करून पाहावा. दहा लिटरच्या भांड्यात फिल्टर नसतो, कासवाची विष्ठा आणि उरलेले अन्न यांमुळे अमोनिया साचतो, त्याने डोळे व कातडी जळजळते, म्हणून ते पाणी रोज पूर्ण बदलावे लागते. आठवड्याचे झाले ७० लिटर. याउलट, टँकमधील पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेसाठी बनवलेला फिल्टर लावला, तर आठवड्याला चतुर्थांश म्हणजे ७५ लिटर पाणी बदलून भागते, आणि काढलेले पाणी कुंड्यांना घालता येते. नळाचे पाणी मात्र एक दिवस उघड्या पिंपात ठेवून मगच टँकमध्ये घालावे, कारण अमोनियाचा निचरा करणारे फिल्टरमधले जिवाणू क्लोरीनने मरतात. त्याच कारणासाठी फिल्टरचा स्पंजही नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळावा.

सर्वांत घातक विधान ट्यूबलाइटचे आहे. कासव दगडावर चढते, मागचे पाय ताणून पंजे पसरते आणि मान लांबवून तासन्‌तास पडून राहते, तेव्हा ते आळसावलेले नसते. उन्हातील यूव्हीबी या अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांवर त्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत असते, आणि त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. ट्यूबलाइटमधून हे किरण पुरेसे मिळत नाहीत, आणि खिडकीची काच ते जवळजवळ पूर्ण अडवते, त्यामुळे ‘खिडकीशी ठेवले आहे’ हे समाधानही फोल ठरते. परिणाम सावकाश दिसतो. पिल्लाचे कवच वयाबरोबर टणक होण्याऐवजी बोटाने हलके दाबले तरी दबते, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. म्हणून पाण्याबाहेर पूर्ण कोरडी होणारी जागा, तिच्यावर यूव्हीबी बल्ब आणि रोज दहा-बारा तास उजेड हवाच. बल्ब दिसायला चांगला पेटत असला तरी त्यातील यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून सहा ते बारा महिन्यांत तो बदलावा.

ऊन खाण्याच्या जागी ३२ ते ३५ अंश आणि पाण्यात २४ ते २८ अंश तापमान असावे. डिसेंबरच्या रात्री त्यासाठी हीटर लागेल. पण सोलापूरच्या मे महिन्यात, विशेषतः पत्र्याच्या घरात, पाणी आपोआप तिशी ओलांडते. तेव्हा हीटर बंद ठेवून टँक घरातल्या थंड खोलीत न्यावा. थर्मामीटर दोन्ही ठिकाणी असावा. हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

सुकी कोळंबी हा अधूनमधून द्यायचा खाऊ आहे, जेवण नव्हे. केवळ तिच्यावर ठेवलेल्या कासवाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते, पापण्या सुजून डोळे मिटतात आणि डोळे मिटले की ते खाणेही सोडते. कासवांसाठीचे चांगले पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या), गाजराचा कीस आणि वाढत्या वयाबरोबर अधिकाधिक हिरवा पाला द्यावा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकल्यास कासव तो कुरतडते आणि त्याला कॅल्शियम मिळते.

तलावात सोडण्याचा सल्ला तर कोणीही पाळू नये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. ते तलावातल्या स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. दुसरीकडे, ‘मग देशी कासवच पाळू’ असे म्हणून नदीतले किंवा तारांकित कासव घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. ज्यांना आपले कासव सांभाळणे अशक्य झाले आहे, त्यांनी ते पाण्यात न सोडता पशुवैद्यकाशी किंवा वन विभागाशी बोलून, मोठा टँक असलेल्या जबाबदार माणसाकडे सोपवावे.