फ्लॉरेन्समध्ये भाड्याची गाडी थेट हॉटेलच्या दारात? खुलासा

‘इटलीच्या टस्कनी भागात गाडी भाड्याने घ्या, भारतीय लायसन्स चालतं, फ्लॉरेन्समध्ये हॉटेलच्या दारापर्यंत जा’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि महागात पडतो.

फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, लुक्का यांच्या जुन्या भागांत ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग आहे. तिथे ना नाका, ना पोलीस. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. लाल कडेच्या पांढऱ्या गोल फलकाजवळ ‘वार्को अत्तीवो’ हे दिवे लागले असतील, तर कॅमेरा सुरू आहे, आत जायचं नाही. रस्ता चुकून शिरलात तरी दंड होतो. गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते, त्याचे पैसे वेगळे कापते, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते.

हॉटेल जुन्या भागातच असेल तर नंबर नोंदवता येतो का, हे निघण्यापूर्वी त्यांना लेखी विचारा. नोंद झाल्याशिवाय आत शिरू नका. त्यापेक्षा सोपं म्हणजे ए-१ महामार्गावरूनच ‘व्हिला कोस्तान्झा’ पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि टी-१ ट्रामने फ्लॉरेन्सचं मुख्य रेल्वे स्टेशन, सांता मारिया नोव्हेला गाठायचं.

लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो, जास्तीत जास्त वर्षभर चालतो. तिकडे पोहोचल्यावर काढता येत नाही.

फक्त फ्लॉरेन्स, पिसा, लुक्का बघायचं असेल तर गाडी नकोच, रेल्वे उत्तम. गाडी खरी उपयोगी पडते ती वाल दोर्चा आणि क्यांती या टस्कनीच्या ग्रामीण भागांतल्या गावांसाठी.