‘ज्याला अडेल तो विचारेल’ हे खरं नाही

प्रवेशाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सारांश असा: नामांकित प्राध्यापकांचं लेक्चर एकदा रेकॉर्ड झालं की ऑनलाइन कोर्सला शिक्षकाची गरज उरत नाही, ज्याला अडेल तो विचारेल, नोट्स ग्रुपवर येतातच, हजारो मुलांकडं एकेक करून बघणं कुणालाच शक्य नाही. मी स्वतः ऑनलाइन गणित शिकवते. हा मेसेज वाचून पालक फी भरतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी लेक्चरचं. एमआयटी आणि हार्वर्डइतके नामांकित प्राध्यापक क्वचितच मिळतील. त्यांच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या शंभरांपैकी सुमारे तिघांनीच कोर्स पुरा केला होता. कुणी म्हणेल, पुष्कळजण नुसते डोकावायला येतात. मान्य. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतसुद्धा कोर्स पुरा करणारे निम्म्याहून कमीच होते. आपल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन कोर्सेसच्या व्यासपीठावरही व्हिडिओ हा चारांतला एकच भाग आहे, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चेची सोय हे बाकीचे तीन.

‘ज्याला अडेल तो विचारेल’ हा मला सगळ्यांत घातक मुद्दा वाटतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आपली मुलगी पीयूसी सायन्सला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) जाते आणि सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. गणित तिला येत असतं, पण दोनशे जणांच्या ग्रुपवर इंग्रजीत प्रश्न टाकायचा म्हटलं की ती लिहिलेलं पुसून टाकते. शिक्षकाला वाटतं, सगळ्यांना समजलंय. आणि ज्याला आपलं अडलंय हेच माहीत नाही, त्यानं काय विचारायचं? (अ + ब) चा वर्ग अ वर्ग अधिक ब वर्ग, असं लिहिणारा मुलगा बिनधास्त पुढची उदाहरणं सोडवत राहतो. त्याची वही कुणीतरी बघावी लागते. बघून नुसतं ‘चूक’ किंवा ‘प्रयत्न कर’ लिहून भागत नाही. ‘दुसऱ्या पायरीत मधलं पद राहिलं, कंस दोनदा मांडून गुणून बघ’ असं सांगावं लागतं, आणि त्यानं ते केलं का हे पुन्हा बघावं लागतं.

म्हणून सुरुवात शिक्षकानं करायची असते. अमेरिकेत ऑनलाइन कोर्सेसबद्दल १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या सरकारी नियमात हे स्पष्ट आहे: शिक्षकाचा संवाद नियमित हवा, विषयाला धरून हवा, आणि विद्यार्थी मागं पडतोय असं दिसलं तर शिक्षकानं आपणहून त्याच्याशी बोलायला हवं. एरवी तो कोर्स पत्राद्वारे शिक्षणात मोजला जातो आणि सरकारी विद्यार्थी-मदतीवर मर्यादा येतात.

नोट्सबद्दल फार लिहीत नाही. पीडीएफ पाठवणं हे वाटप आहे. रोज सकाळी सुविचार टाकणाऱ्या ग्रुपवरही मुलाच्या गृहपाठाबद्दल अवाक्षर नसतं.

राहिला संख्येचा मुद्दा. एका माणसाला हजार मुलं झेपत नाहीत, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय जास्त माणसं हा आहे. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ दूरशिक्षणच देतं, तरी तिथं अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं आहेतच. कोरोनात, ऑगस्ट २०२० मध्ये, कर्नाटक सरकारनं ‘विद्यागम’ सुरू केलं. मास्तर-बाई मुलांच्या वस्तीवर जाऊ लागले, देवळाच्या ओट्यावर छोटे गट घेऊ लागले. संसर्गामुळं ऑक्टोबरमध्ये ते थांबवावं लागलं, पण नुसत्या स्क्रीनवर भागत नाही, हे सरकारनंही ओळखलं होतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात रेंज गेली की लाइव्ह क्लास बंद पडतो. तिथं आठवड्याला एक साधा फोन आणि वहीच्या फोटोवर पाठवलेला मराठी व्हॉइस मेसेज पुष्कळ काम करतो. रेंज आली की मुलगा तो ऐकतो, हवा तितक्या वेळा.

पालकहो, पैसे भरण्याआधी कोर्सवाल्यांना एवढं विचारा: गृहपाठ कोण तपासतं? किती दिवसांत परत मिळतो? मूल आठवडाभर दिसलं नाही तर फोन कोण करतं? त्या माणसाचं नाव मागून घ्या, आणि जमलं तर आधीच एकदा त्याच्याशी बोला.