कामगार टिकवायचाय? मग आधी नोकरी टिकू देऊ नका

घनकचऱ्याचं टेंडर लागलं म्हणे तुम्हाला, अभिनंदन! आता कुठल्यातरी वेबिनारमध्ये बसून एम्प्लॉयी एंगेजमेंट आणि रिटेन्शन, म्हणजे माणसाला कामात रमवायचं आणि टिकवायचं, असलं काही ऐकून आला असाल तर ते आधी डोक्यातून काढा, ती आयटीवाल्यांची डोकेदुखी, त्यांच्याकडे माणूस टिकत नाही. आपल्याकडे माणूस जातच नाही हो. ठेकेदार बदलतो, जॅकेटचा रंग बदलतो, घंटागाडीवरचं नाव बदलतं, पण पहाटे त्या गल्लीत झाडू घेऊन उभी असलेली बाई तीच. का जात नाही ते हजेरीचं मस्टर उघडा, आडनावं वाचा, कळेल. कायम कामगारांना तर सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसा हक्काने नोकरी, म्हणजे आजोबांचा झाडू नातवाच्या हातात. एवढं रिटेन्शन बंगळुरूच्या कुठल्या कंपनीला जमलंय?

खरा धोका 240 दिवसांचा. वर्षात तेवढे भरले की कायद्याच्या नजरेत ती सलग नोकरी, आणि मग नोटीस, भरपाई, कायम करा असली भाषा सुरू होते. म्हणून त्याआधी ब्रेक द्यायचा. घाबरू नका, ब्रेक फक्त कागदावर, कचरा काय ब्रेक घेत नाही, आणि बाई दुसऱ्या दिवशी येतेच, फक्त यावेळी दुसऱ्या संस्थेच्या नावावर.

यातलं उत्तम काम बघायचं असेल तर मुंबई महापालिकेचा 'हैदराबाद पॅटर्न' अभ्यासा. कंत्राटी कामगार कायदा तेव्हा 20 माणसांपासून लागू व्हायचा, म्हणून कामाचे तुकडे असे पाडले की एकेका संस्थेकडे 20 पेक्षा कमीच माणसं. आणि ती माणसं कामगार नाहीतच, स्वयंसेवक! त्यांना पगार नाही, मानधन. रोज सकाळी कचरा उचलायची हौस असलेले हजारो समाजसेवक एका शहरात, बघा काय एंगेजमेंट असेल ती. पण कचरा वाहतूक श्रमिक संघ ही कामगारांची संघटना कोर्टात गेली, 2014 ला औद्योगिक न्यायाधिकरणात आपली बाजू हरली, 2016 ला हायकोर्टात, आणि एप्रिल 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2,700 जणांना कायम करा. सगळी मेहनत पाण्यात.

पण तिथंही धीर सोडू नका राव. निकाल लागल्यावर कित्येकांचं घोडं अडलं ते नावात, यादीतलं नाव एक आणि कागदपत्रावरचं दुसरं. तेव्हा मुकादमाला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा, नाव जसं कानावर पडेल तसं लिही, आज सखू, पुढच्या महिन्यात सखुबाई, आधारवर काय शकुंतला का काय असेल ते तिचं ती बघेल. आडनाव तर लिहूच नको, जागा वाया जाते. पगारस्लिप मागितली तर प्रिंटर बंद आहे म्हणायचं, पीएफ नंबर मागितला तर ऑफिसचा माणूस गावाला गेलाय म्हणायचं, तो परत येईपर्यंत टेंडर संपतं.

बरं, वरून एंगेजमेंटचा रिपोर्ट मागितलाच तर घड्याळं वाटा. नागपूरने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसवाली घड्याळं बांधली होती, माणूस कुठे आहे ते ऑफिसात एसीत बसून दिसतं. लघवीला कुठे जायचं हे मात्र घड्याळ दाखवत नाही, बायकांच्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या रस्त्यांवर, शौचालय आहे का ते आपल्या टेंडरच्या कक्षेत येत नाही.

हातमोजे आणि योग्य पादत्राणं 2016 च्या घनकचरा नियमांनी सक्तीची केली, तर द्या की, गमबूट एकदाच द्या, फोटो काढून बिलाला जोडा. सगळ्यांना एकाच साइजचे, नऊ नंबर. पाच नंबर पायाच्या बाईने ते दोन दिवस घालून तिसऱ्या दिवशी चप्पल घातली की 'कामगारच सुरक्षा साधनं वापरत नाहीत' असं लिहायचं, हे वाक्य सगळ्या रिपोर्टमध्ये चालतं. आणि सन्मान करत राहा, त्याला जीएसटी नाही. 2019 मध्ये प्रयागराजला पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले, 2020 मध्ये सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या, आता पोस्टरवर 'सफाईमित्र' लिहितात. मित्राला कोणी ओव्हरटाइम देतं का?

एचआरवाली पोरगी एक्झिट इंटरव्ह्यूचा, म्हणजे नोकरी सोडताना भरायचा, फॉर्म पुढे करेल, तिला सांगा आपल्याकडचं एक्झिट बहुतेक वेळा मॅनहोलमधून होतं, फॉर्म भरायला कोणी वर येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मरणाची भरपाई 10 वरून 30 लाख केली, ऐकून पोटात गोळा येतो. पण आपल्याकडून वसूल करायची तर तो आपलाच माणूस होता हे आधी दाखवावं लागणार, आणि मस्टरवर नाव कसं लिहायचं ते मुकादमाला कळलंय आता.