विद्यार्थ्यांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नये

आपण सांगली-मिरजेच्या परिसरात आरोग्यशिक्षणाचे एखादे संकुल चालवत असाल, तर वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि आहारशास्त्र या शाखांच्या विद्यार्थ्यांची एकमेकांशी गाठ पडणार नाही, याची दक्षता सर्वप्रथम घ्यावी. चारही इमारती एकाच आवारात असल्या तरी बिघडत नाही. वेळापत्रके वेगळी ठेवली की पुरते.

या पद्धतीचे यश मी गेल्या मंगळवारी अशाच एका रुग्णालयात पाहिले. माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. दादा 43 वर्षांचा आहे, एका पतसंस्थेत हिशेब सांभाळतो, आणि अलीकडे जेवताना त्याला ठसका लागतो, एवढीच आमची तक्रार होती.

रॅम्पवर दुचाकी लावू द्याव्यात. तिथे सावली चांगली असते.

रक्तदाब मोजणे नर्सिंगच्या विद्यार्थिनीला केवळ धडधाकट हातावर शिकवावे. तिने दादाचा आखडलेला कोपर झटक्याने ओढला, तो आणखी आवळला, म्हणून तिने आणखी जोर लावला. असा स्नायू झटका दिला की घट्ट होतो आणि आधार देऊन सावकाश नेला की सैल पडतो, हे फिजिओथेरपीच्या मुलाने तिला मिनिटभरात दाखवले असते; परंतु तो त्या वेळी समोरच्या इमारतीत सांगाड्यावर कोपर शिकत होता.

रुग्णाशी मात्र कोणीही बोलू नये. जे विचारायचे ते सोबतच्या माणसाला विचारावे, आणि त्याची सुरुवात "यांना कळतं का?" या प्रश्नाने करावी. चार विद्यार्थ्यांनी हा प्रश्न मला चार वेळा विचारला, चारही वेळा दादाच्या देखत, आणि चारही वेळा मी "त्यालाच विचारा" असे म्हटल्यावर त्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहून पुढचा प्रश्न पुन्हा मलाच घातला. दादाला शब्द जुळवायला वेळ लागतो. त्याचे ओठ हलू लागेपर्यंत समोरच्याचे पेन केसपेपरवर पोहोचलेले असते. एकीने तर त्याच्या गालाला हात लावून "जेवलास का बाळा?" असे विचारले. पतसंस्थेची वर्षअखेर ज्याच्यावाचून जुळत नाही, त्या माणसाला!

सल्लेही प्रत्येकाने स्वतंत्र द्यावेत. पहिलीने मान मागे टेकवून भरवा असे सांगितले, म्हणजे ठसका हमखास लागावा. दुसऱ्याने ताठ बसवायला सांगितले. तिसरीने छापील कागद दिला, त्यात ज्वारीची भाकरी आणि मोड आलेली मटकी होती. भावी डॉक्टरांनी खोकल्याचे औषध लिहिले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, तेवढे पाठ करून घ्यावेत. त्याच कायद्याच्या कलम 47 ने डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांच्या सर्व अभ्यासक्रमांत दिव्यांगत्वाचा समावेश करायला सांगितले आहे, तिकडे पाहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये निरनिराळ्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे असे मांडले, तेही कपाटात राहू द्यावे.

ती मुले वाईट नव्हती हो. कोपर ओढणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले होते. आपण काहीतरी चुकतो आहोत हे तिला कळत होते, काय चुकते आहे ते सांगायला तिथे कोणी नव्हते. चौघांना एका टेबलाभोवती बसवायचे, समोर दादासारख्या माणसाला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवायचे आणि चौघांनी मिळून एकच कागद लिहायचा, याला कोणते यंत्र लागते? लाखांनी शुल्क घेता, नव्या इमारतीची कोनशिला बसवता, आणि चार वर्गांचा एक तास जुळवता येत नाही? खासगी रुग्णालयातही अडथळाविरहित प्रवेश द्यावा असे कलम 25 सांगते, आणि तुमच्या दारात मी व रिक्षावाल्याने दादाला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. लाज वाटू द्या थोडी.

पुढच्या मंगळवारी आम्हाला पुन्हा बोलावले आहे. त्या दिवशी दुचाकी तरी हलवून ठेवा.