अलाइनमेंट (चाकं सरळ करण्याचं काम) ‘गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

उत्तर द्यायला चार दिवस लागले. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर रागात भलतंच काहीतरी लिहून बसलो असतो. तुम्हाला त्रास झाला आणि आमचं पोरगं तुमच्याशी वरच्या आवाजात बोललं, त्याबद्दल माफी मागतो. माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो, कामाला लागून दोन महिने झालेत. त्याला समज दिली आहे.

तुम्ही लिहिलंय, “दोन टायर घ्यायला गेलो तर ५०० रुपयांची अलाइनमेंट गळ्यात मारली. तीन तास उन्हात बसवलं. तरी गाडी डावीकडंच ओढते. लातूरमध्ये दुसरी दुकानं आहेत, इथं जाऊ नका.” आणि एक स्टार.

उन्हात बसवलं हे खरं आहे. पत्र्याखाली दोनच खुर्च्या आहेत आणि त्या भरलेल्या होत्या. तीन तासांचं म्हणाल तर तुम्ही साडेबाराला आलात, तुमच्या पुढं तीन गाड्या होत्या. मध्ये चाळीस मिनिटं लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कॉम्प्रेसर चालत नाही. आणि पाऊण तास तुम्हीच गंजगोलाईला जाऊन आलात, तेव्हा गाडीची चावी तुमच्या खिशात होती. जाऊ द्या, वेळेबद्दल मी भांडत नाही.

पण “गळ्यात मारली” हे शब्द मला लागले सर.

तुमची गाडी २००९ ची स्विफ्ट. पुढचे दोन्ही टायर बाहेरून बघितले तर चांगले दिसत होते, नक्षी होती. चाक वळवून आतली कड मी तुम्हाला दाखवली. तिथं नक्षीच्या खाचेत कंपनीनं दिलेली उंचवट्याची खूण असते. टायर झिजून त्या खुणेला टेकला म्हणजे १.६ मिलिमीटरच नक्षी राहिली, आता बदला, असा त्याचा अर्थ. तुमचा टायर आतून त्या खुणेच्याही खाली गेला होता. तुमचा हात धरून मी टायरवरून फिरवला, आठवतं का बघा. एका बाजूनं गुळगुळीत लागत होता आणि उलटा फिरवला की उसाच्या पानासारखा बोटाला लागत होता. असा झिजलेला टायर म्हणजे चाकं सरळ पळत नाहीत, थोडी घासत पळतात. कारण न काढता त्याच जागेवर नवा टायर बसवला तर तोही तसाच खाल्ला जाणार. मग तेव्हा तुम्ही काय लिहिलं असतं? टायर डुप्लिकेट दिला, हेच ना?

गाडी ८०-९० च्या पुढं गेल्यावर नुसतं स्टिअरिंग थरथरत असतं, तर मीच म्हणालो असतो की बॅलन्सिंग करा, रिमला वजनं लावतो, अलाइनमेंटची गरज नाही. रोज कितीतरी जणांना मी असं सांगून परत पाठवतो. ते काही रिव्ह्यू लिहीत नाहीत.

आता डावीकडं ओढण्याचं. जॅकवर चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं तेव्हा टकटक आवाज आला, तुमच्या पुतण्यानंही ऐकला. डाव्या टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकात, खेळ आहे, ते सैल झालंय, असं मी तेव्हाच सांगितलं. दोन्ही बाजूचे बदलायला मजुरी धरून बाराशेपर्यंत जातील म्हणालो. तुमचं म्हणणं, “सोळा वर्षांची गाडी, तिच्यावर किती घालायचे?” बरोबर आहे, पैसा तुमचा आहे. पण त्याच्या आधी दहा मिनिटं तुम्हीच सांगत होतात की गेल्या वर्षी पाच वर्षांसाठी पासिंग वाढवून घेतलंय, आता २०२९ पर्यंत गाडी हलत नाही. मग अजून चार वर्षं वापरायच्या गाडीला बाराशे जास्त, आणि दोन टायरला आठ हजार कमी, हा हिशेब मला अजून जुळला नाही.

तुम्ही म्हणालात, कोजागरीच्या आत तुळजापूरला जाऊन यायचंय, सध्या नुसती अलाइनमेंट करून द्या. मी करून दिली. तुमच्या गाडीला पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, तेवढाच हलवता येतो; कॅम्बर-कॅस्टर या बाकीच्या कोनांना सेटिंगची सोयच नाही. टो मी मशीनवर हिरव्यात, म्हणजे बरोबर मापात, आणून दिला. पण टाय रॉड एंडमध्येच खेळ असेल तर मशीनवर हिरवा आलेला आकडा पहिल्या खड्ड्यात बदलतो. यंदा सप्टेंबरच्या पावसानं आपल्याकडच्या रस्त्यांची काय अवस्था केली ते मी सांगायला नको.

इथं माझी चूक झाली, ती मी मान्य करतो. त्या अवस्थेत मी अलाइनमेंट करायलाच नको होती. आधी पार्ट, मग अलाइनमेंट, हे मी पोरांना रोज सांगतो आणि तुमच्यासमोर मीच मोडलं. गिऱ्हाईक घाईत आहे, नाही कसं म्हणायचं, असं झालं. म्हणजे बघा, ज्याला तुम्ही गळ्यात मारली म्हणता ते काम मी तुमच्या आग्रहानं केलं. मशीनच्या आकड्यांची प्रिंटही देता आली नाही, प्रिंटरची शाई संपली होती. मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या म्हणालो, तर तुम्ही नको म्हणालात. टेस्ट ड्राइव्हला मी कोपऱ्यापर्यंतच गेलो. लांब जायला पाहिजे होतं, पण मागं रांग होती.

अजून एक. नवे टायर मागं लावले आणि मागचे पुढं आणले, यावरही तुम्ही नाराज होतात, “नवा माल मागं कोण लावतं?” सर, ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं की गाडी गोल फिरते, ती आवरत नाही. पुढचं घसरलं तर निदान वेग कमी करून सांभाळता येतं. पुढून ओढणारी गाडी असली तरी टायर कंपन्या हेच सांगतात. आता मागचे जुने टायर पुढं आलेत, ते दोन्ही सारखे झिजलेले नसतील तर त्यांच्यामुळंही गाडी एका बाजूला जाऊ शकते. पुढची दोन चाकं आपसात बदलून बघितली की पाच मिनिटांत कळतं. गाडी उजवीकडं ओढायला लागली तर दोष टायरचा, डावीकडंच राहिली तर दुसरीकडं. शिवाय पाणी जायला रस्त्याला कडेकडं उतार असतोच, तेवढी डावीकडं कुठलीही गाडी जाते. पण तुमची त्याहून जास्त जात असेल, मी नाही म्हणत नाही.

टायर जुना दिला असं तुम्ही लिहिलं नाही, त्याबद्दल आभार. बसवायच्या आधी पुतण्याकडून टायरवरचे तारखेचे आकडे वाचून घेतले होते ना? १४२५, म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फरकही तुमच्या बिलात लगेच दिला. जुन्या भावाचा माल अजून दुकानात पडून होता, तरी.

हे सगळं एवढं लांबवून का लिहितोय? अठरा वर्षांपूर्वी मी पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली. अलाइनमेंटचं मशीन तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलं, हप्ता अजून चालू आहे. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, गावाकडचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. काल एक जुने पाहुणे, दहा वर्षांपासून माझ्याकडं येणारे, तुमचा रिव्ह्यू मोबाईलवर दाखवून हसत म्हणाले, “आम्हाला पण गळ्यात मारणार काय?” मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही.

खुर्च्या वाढवतोय, पाण्याचा जार ठेवलाय, दराचा बोर्ड लवकरच लावतो. प्रिंटरची शाई आणली.

मंगळवार सोडून कधीही सकाळी दहाच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. टाय रॉड एंड तुम्ही बाहेरून आणले तरी चालतील, बसवायची मजुरी तेवढी घेईन. अलाइनमेंटचे पैसे पुन्हा घेणार नाही आणि यावेळी औशाच्या रस्त्यानं तुम्हाला शेजारी बसवून लांब चक्कर मारू. स्टार बदला असं मी म्हणत नाही, तो तुमचा अधिकार आहे.

आणि सर, तुमच्या गाडीची एक व्हीलकॅप इथंच राहिली आहे, डाव्या मागच्या चाकाची. काउंटरखाली जपून ठेवली आहे.